पहिली पंगत भांडेवाल्या बायांची

बाबा, परवा उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. पुढच्या महिन्यात तरुण मुलामुलींची बैठक आहे, तिथे मी बोलावं असं त्यांचं म्हणणं. विषयही त्यांनीच ठरवून ठेवलेला, कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती जीवनाचा आदर्श. मी म्हटलं, साहेब, मी आचारीण, मला बुंदी पाडता येते, भाषण नाही. ते हसले आणि म्हणाले, तुमच्या वडिलांबद्दल सांगा, तेवढं पुरे. तेव्हापासून रोज दुपारी मी मनातल्या मनात बोलायला सुरुवात करते आणि दुसऱ्याच वाक्याला अडकते. कारण कामावर असताना तुम्ही धर्माचं अवाक्षर काढत नव्हता. तुमच्याजवळ वचनांचा साठा नव्हता, आवाज गोड नव्हता, उपासनेत तुम्ही गायला लागलात की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायची. तुमचा आदर्श सांगायचा म्हणजे मला वांग्याची भाजी सांगावी लागणार, आणि तरुण मुलं हसून मरतील. म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच लिहून बघावं. टपालाच्या पेटीत नेऊन टाकायचं नाही, मग शुद्धलेखनाची तरी काळजी कशाला?

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मी बारावी नापास झाले होते. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि माझे तीन विषय राहिले, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात आणि स्वतःच हसायचात. आईने मला तुमच्यामागे लावून दिलं ते माझी कुरकुर तिच्या कानावर नको म्हणून. मग मी तुमच्याबरोबर मेटॅडोरमध्ये गंजांच्या, म्हणजे त्या मोठाल्या पातेल्यांच्या, आणि कढयांच्या मधे बसून लग्नांना जायला लागले. मांडवामागे भट्टी खणलेली असायची. घरमालक येऊन भट्टीला हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. तेवढा वेळ तुम्ही बाजूला हात जोडून उभे. ते गेले की तुम्ही डोक्याचं दुपट्टं काढून मान खाली घालायचात, फार तर दोन श्वासांइतका वेळ. बघणाऱ्याला वाटावं, माणूस जाळ बघतोय. मलाही पहिल्या तीनचार लग्नांत तसंच वाटलं होतं. मग दुपट्टं पुन्हा डोक्याला गुंडाळलं की तुमचा आवाज चढायचा तो रात्रीची पंगत उठेपर्यंत. सगळे तुम्हाला महाराज म्हणायचे, आचाऱ्याला आपल्याकडे म्हणतातच. तुम्ही दरवेळी अवघडून म्हणायचात, महाराज नोका म्हणू बापा, भाऊ म्हणा. पुढच्या मिनिटाला तेच लोक, महाराज, पुऱ्या कमी पडून राहिल्या!

नैवेद्य निघेपर्यंत तुम्ही काहीच चाखायचा नाहीत. दुसऱ्यांच्या देवाचा मान आपल्या जिभेने मोडायचा नाही, एवढंच त्याबद्दल म्हणायचात. मिठाचा अंदाज हाताने. मूठ भरायची, गंजाकडे बघायचं, मुठीतलं थोडं परत डब्यात सोडायचं, मग गंजाच्या काठाने गोल फिरत टाकायचं. मीठ टाकायचा मान फक्त तुमचा, दुसरा कोणी डब्याला हात लावत नसे. घरातली मोठी बाई नैवेद्याचं ताट घेऊन गेली की मग आपल्या स्वयंपाकघराची खास रीत. आपल्या पाच भांडेवाल्या बाया हात धुवून येणार, हौदापाशी बसायला ताटपट्टी अंथरणार आणि त्यांची पंगत सगळ्यांत आधी बसणार. गरम भात, वरण, वांग्याआलूची भाजी, कढी, बुंदी, सगळं पळसाच्या पत्रावळीवर, जसं पाहुण्यांना तसंच. वाढणारे तुम्ही. बाकीच्या आचाऱ्यांकडे अशा बायांना संध्याकाळी भाताची खरवड आणि उरलेलं पातळ वरण मिळायचं, तेही उभ्याउभ्या. त्या पाचही जणी बौद्ध घरच्या. सकाळी भेटल्या की तुम्ही त्यांना जयभीम म्हणायचात आणि त्या तुम्हाला आपल्या ख्रिस्ती रीतीने सलाम म्हणायच्या, आणि दोन्हीकडून जरा जास्तच मोठ्याने, जणू कोण आधी म्हणतो याची शर्यत लागली आहे.

आंधळगावला एका विणकराच्या घरचं लग्न आठवतं. माग बाहेर काढून पडवी मोकळी केली होती आणि तिथे पाहुण्यांची गर्दी. घरमालकाने ही पंगत बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. मी गंजाआडून बघते आहे, आता काय होतं म्हणून. तुम्ही शांतपणे कढीचा डाव खाली ठेवता.

"मालक, मीठ पाहाले कोणी तरी पाह्यजे ना. मी चाखलं तं तुमचा नैवेद्य उष्टा होते. नैवेद्य झाला, आता या बाया खाऊन सांगतीन. कमीजास्त असन तं सुधरवतो, मंग पाव्हण्याईले वाढतो. पाव्हण्याईच्या ताटात इचारायचं का, मीठ कसं आहे म्हणून?"

मालकाला ते इतकं पटलं की त्याने स्वतः बुंदीची बादली आणली आणि बायांना विचारलं, घ्या ना, अजून घ्या. परत येताना मेटॅडोरमध्ये मी तुम्हाला छेडलं. बाबा, खरं सांगा, मिठासाठी बसवता का त्यांच्यासाठी? तुम्ही म्हणालात, "दोन्ही." मी म्हटलं, जास्त कशासाठी? तुम्ही डोळे मिटून घेतले आणि म्हणालात, "तू तो गंज धर, घरंगळून राहिला." मला तेव्हा वाटलं, तुम्ही फार हुशार आहात, मालकाला गुंडाळलं. तसं नव्हतं, हे कळायला मला आणखी काही लग्नं लागली.

जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एका साहेबांच्या निवृत्तीचं जेवण होतं, तेव्हा कळलं. बायांमधली सगळ्यांत मोठी, जिला आपण सगळेच मोठी काकू म्हणायचो, पहिल्याच घासाला म्हणाली, "भाऊ, कढी बुडाले लागली." पुऱ्या तळणारे काका, तुमचे जुने जोडीदार, कढईपाशीच उसळले. "फुकटचं गरम जेवाले भेटते, वरून नावं ठेवते का वं?" तुम्ही आधी कढीचा एक घोट घेतलात, नाक मुरडलंत आणि सगळी कढी ओतून दिलीत. नवीन दही घुसळायला मला बसवलं. मग सगळ्यांसमोर, निवृत्त होणारे साहेबही तिथेच उभे होते, मोठ्या काकूला म्हणालात, "काकू, बरं झालं सांगतलं." आणि काकांकडे वळलात. तुमचा आवाज बारीक होता, पण तुम्ही आवाज बारीक केलात की सगळं स्वयंपाकघर ऐकायचं. "तिच्या तोंडावर हात ठेवला तं मले खरं सांगन कोण? पाव्हणे सांगत नसतेत, पाव्हणे पत्रावळीवर टाकून उठून जातेत." काका फणफणत पुऱ्या तळत राहिले. संध्याकाळी त्यांनीच मोठ्या काकूच्या पोरांसाठी पुऱ्या बांधून दिल्या. त्या दिवसापासून बायांना जे तोंड फुटलं ते फुटलंच. वरण पातळ, भात गच्च, बुंदी कडक, भाऊ आज तुमी दाढी नाही केली. तुम्ही सगळं हसत ऐकून घ्यायचात. मला तर वाटायचं, हा मालक आहे की यांच्या घरचा जावई.

मग तुम्ही गेलात. त्याबद्दल मी लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे आणि मला अजून लिहिता येत नाही. एवढंच सांगते, अड्याळच्या कापडवाल्या शेटच्या मुलीचं लग्न तुम्ही घेऊन ठेवलं होतं. शेटच्या धाकट्या भावाने सांगितलं, आता नागपूरचा आचारी बघू, पोरीच्या भरवशावर वरातीला कोण जेवू घालते. शेट भला माणूस. तो म्हणाला, शब्द त्या घराशी झाला आहे, पोरगी करते म्हणते तर करू दे. पण मला बाजूला घेऊन त्याने हेही सांगितलं की हे लग्न बिघडलं तर पंचक्रोशीत पुन्हा कोणी बोलावणार नाही. ते मला सांगायची गरज नव्हती. सात घरांच्या चुली त्या गंजांवर चालत होत्या आणि आता ते गंज माझ्या नावावर होते.

बाबा, त्या दिवशी सकाळी बायांनी मला सलाम म्हटलं तेही हळू आवाजात. सगळे माझ्याभोवती असे वावरत होते जसं बाळंतिणीच्या खोलीत वावरतात. काका माझ्या हातातून ढवळायचा सराटा काढून घेत होते, मोठी काकू दर थोड्या वेळाने पाणी आणून देत होती. मी भट्टीपाशी डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली, आणि मला एकही शब्द सुचला नाही. मग कामाला लागले. वांगी चांगली मिळाली होती, बी नसलेली, कोवळी. मसाला जमला. मूठभर मीठ घेतलं, गंजाकडे बघितलं, तुमच्यासारखं थोडं परत सोडलं, गोल फिरून टाकलं. अंदाज चुकला नाही. अजूनही सांगते, चुकला नव्हता.

वरात वेळेच्या आधी आली. लग्नात वरात वेळेच्या आधी आल्याचं तुम्ही कधी ऐकलंत का? पण आली. गावाच्या वेशीवर बँड वाजायला लागला आणि धाकटे शेट धावत मांडवामागे आले. तोपर्यंत शेटची म्हातारी आई नैवेद्याचं ताट घेऊन घरात गेली होती आणि बाया ताटपट्टी अंथरत होत्या.

"हे काय करून राहिली? वरात आली, आन तू भांडेवालीईले बसवते? उठवा त्याईले. मंग जेवतीन."

मी म्हटलं, शेटजी, आमची रीत आहे, बाबा असंच करत होते. तो म्हणाला, "तुह्या बापाचं येगळं होतं." आणि खरंच, वेगळं होतं. तुम्हाला चटकन उत्तर सुचलं असतं. मी सरळ भाताची बादली उचलली आणि वाढायला लागले. तो बघत राहिला. पाचही जणी खाली मान घालून जेवायला लागल्या. आणि कोणी काही बोलेना. इतक्या वर्षांत ती पंगत गप्प जेवलेली मी पाहिली नव्हती. मी विचारलं, मीठ कसं आहे? मोठी काकू घास गिळत म्हणाली, "बरोबर आहे वं माय." दुसरी म्हणाली, भाऊच्याच हातची चव. तिसरी तांब्याभर पाणी प्यायली. धाकटे शेट म्हणाले, झालं ना, आता उचला गंज. मी काकांना खूण केली आणि त्यांनी गंजाच्या कड्यांत बांबू घातला.

तेवढ्यात नैवेद्य ठेवून शेटची म्हातारी आई, घरची आजी, परत आली. गुडघ्यावर हात ठेवत सरळ ताटपट्टीवर येऊन मोठ्या काकूच्या शेजारी बसली. "मले बी वाढ वं पोरी. गोळी खायची आहे, तिकडे मले कोण इचारते." सगळं थांबलं. त्या घरातलं कोणी त्या बायांच्या ओळीला मांडीला मांडी लावून जेवलं नव्हतं, हे बायांना ठाऊक होतं, आजीलाही ठाऊक होतं. मोठी काकू अंग चोरून सरकायला लागली तर आजीने तिचा हात धरला. "बस ना. मी का खाऊन टाकते तुले?" धाकटे शेट म्हणाले, आई, तिथे कायले बसली? आजी म्हणाली, भूक लागली म्हणून बसली. मी पत्रावळ मांडली, भात वाढला, भाजी वाढली. आजीने पहिला घास तोंडात टाकला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"मायबाई! डाक्टरनं मले मीठ बंद सांगतलं, आन तू सालभराचं एकाच दिवशी चारून राहिली!"

बाबा, मी भाजीच्या गंजाकडे बघितलं, मग काकांकडे. काकांचा चेहरा पांढराफटक. तेव्हाच मला सगळं कळलं. पोरगी गडबडीत मीठ विसरली असं त्यांना वाटलं, आणि मला सगळ्यांसमोर सांगायचं कसं, म्हणून त्यांनी गुपचूप एक मूठ टाकून दिली होती. आणि बायांनी ती खारट आगर भाजी माझ्यासाठी तोंड वाकडं न करता गिळली होती. सगळ्यांनी मिळून मला सांभाळायचं ठरवलं होतं, आणि सांभाळता सांभाळता बुडवलंच होतं. धाकटे शेट म्हणाले, मी म्हणत नव्हतो? शेटही येऊन उभे राहिले. काकांचं नाव घेतलं असतं तर खोटं झालं नसतं. पण मी पुढे झाले आणि म्हटलं, "आजी, चूक माझी. गंज माझा आहे, तं मीठ बी माझंच." माझा आवाज बारीक होता. सगळ्यांनी ऐकला.

आणि मग जी गंमत झाली ती तुम्ही बघायला हवी होती. काका बांबू टाकून ओरडले, नाही जी, मीठ मी टाकलं! मोठी काकू उठून उभी राहिली, मले पहिल्याच घासाले समजलं होतं, मी बोलली नाही! बाकीच्या चौघी एकदम, आमाले बी समजलं होतं! आपल्या चर्चच्या मंडळीत पापकबुलीच्या प्रार्थनेला एवढा जोर कधी आला नाही. आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. शेट म्हणाले, आता करायचं काय? आजी म्हणाली, "करायचं काय? आलू आणा. वरातीले सांगा नाचा म्हणा, नाचाले का पैसे पडतेत?"

शेट स्वतः वेशीवर गेले आणि बँडवाल्यांना काहीतरी सांगून आले. वरात चौकात थांबली, नवरदेवाचे मामा जे नाचायला लागले ते थांबेचनात. इकडे भाजी दोन गंजांत वाटली. बाया हात धुवून विळ्यांवर बसल्या. घरातल्या सुना आल्या, पैठणीसारख्या भारी लुगड्यांचे पदर खोचून आलू सोलायला लागल्या. बिनमिठाचा रस्सा चढवला, नवीन वांगी टाकली, टमाटर टाकले. आजी तिथेच ताटपट्टीवर बसून, भातावर नुसती कढी घेऊन जेवता जेवता सगळ्यांना हुकूम सोडत होती. भट्टीचा जाळ, बाहेर बँड, आत हसणं, मला आठवत नाही मी कधी इतकी घामाघूम आणि इतकी आनंदात होते. शेवटी आजीने पुन्हा चव घेतली आणि म्हणाली, "आता आणा त्याईले." भाजी इतकी झाली की पाहुण्यांनी पुन्हापुन्हा मागून घेतली तरी उरली. तिसऱ्यांदा भाजी मागताना मी धाकट्या शेटना पाहिलं.

भांडी घासताना मी बायांजवळ बसले. म्हटलं, बाबाले तं पटकन सांगत होता, मले काहून नाही सांगतलं? मोठ्या काकूने मूठभर राख गंजाला चोळली. "भाऊ सोसत होते. तू सोसशीन का नाही, आमाले का मालूम?" मी म्हटलं, सोसीन. ती म्हणाली, "मंग आयक. बुंदी बी कडक झाली." आणि पाचही जणी ज्या हसल्या त्या आजवर थांबल्या नाहीत. आता माझं वजन, माझ्या केसांचा रंग, माझं नवऱ्यावर ओरडणं, कशालाच सुट्टी नाही. मोठी काकू आता येत नाही, तिची सून येते, आणि सून सासूच्या वरताण आहे. त्या दिवसापर्यंत ते तुमचं स्वयंपाकघर होतं आणि मी ते जपत होते. त्या राखेच्या हातांनी काकूने बुंदीला नाव ठेवलं तेव्हा ते माझं झालं. आजी पुढे त्या घरच्या प्रत्येक लग्नात बोलावल्याशिवाय येऊन त्याच ओळीत बसायची, गोळी हातात घेऊन.

हे सगळं मी बैठकीत सांगेन. पाळकसाहेब लगेच मिठावरचं वचन काढतील, तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात म्हणून, काढू देत. पण एक गोष्ट मी तिथे सांगणार नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि काकांचं नाव माझ्या ओठावर होतं, त्या वेळी मला प्रभू आठवायला हवा होता. लोकांना मी तसंच सांगेन असंही एकदा वाटलं. पण खरं तसं नाही. मला प्रभू आठवला नाही, बाबा. मला तुम्ही आठवलात. तुम्ही असता तर यावरून माझी चांगली खरडपट्टी काढली असती, म्हणून हे फक्त तुम्हालाच सांगते आहे.